विहीणबाईंची कोंबडी

गोंदिया, ५ ऑक्टोबर २०२५

चि. रुची,

अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललं की तू "हो", "नाही", "बघते" एवढंच म्हणतेस आणि मागून कुठली तरी घंटी वाजते. म्हणून लिहिते आहे. पानांचे फोटो काढून पाठवीन. अक्षर मोठं ठेवलं आहे. सवडीनं वाच.

राफाएलरावांच्या आई गेल्याचं तू मार्चमध्ये दोन ओळींत कळवलंस. मी त्यावर "वाईट झालं" एवढंच उत्तर दिलं होतं. विहीणबाईंना मी एकदाच पाहिलं, तेही व्हिडिओवर. त्यांनी हात हलवला, मी नमस्कार केला, मग आम्ही दोघी नुसत्या हसत बसलो, कारण पुढं बोलायला भाषाच नव्हती. आल्ताग्रासिया हे नाव पाठ करायला मला दोन दिवस लागले होते. त्या नावानं त्यांना हाक मारायची वेळ काही आली नाही.

तुझ्या परवाच्या निरोपात तीन गोष्टी होत्या. वीस डिसेंबरला तुम्ही तिघं नागपूरला उतरणार. दिव्या पाच वर्षांची झाली तरी तिनं गोंदिया पाहिलं नाही, म्हणून बारा दिवस इथं राहणार. आणि स्टेशनजवळच्या हॉटेलात खोली घेतली आहे. तिसरी गोष्ट तू सगळ्यात शेवटी लिहिलीस. मला तीच आधी दिसली.

हॉटेल चांगलं आहे, नाही म्हणत नाही. पण आपल्या घरात चार खोल्या आहेत आणि माणसं दोन, मी आणि तुझी आत्या. तुझ्या बाबांची खोली ते गेल्यापासून बंद असते. दर सोमवारी उघडून झाडते. तुम्ही घरी उतरलात तर मला बरं वाटेल. एवढंच मागायला हे पत्र लिहिलं आहे, बाकीचं सगळं त्याच्याभोवतीचं आहे.

मागच्या वेळचं मी विसरले नाही. तू मागच्या अंगणात ती तीन भांडी पालथी करून माझ्यासमोर धरली होतीस. ताट, वाटी, पेला. तिन्हींच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका. राफाएलराव दहा दिवस त्याच भांड्यांत जेवत होते आणि ती बाहेरच्या नळावर वेगळी घासली जात होती. हे कोणी केलं, असं तू विचारलंस, आणि विचारताना आत्याबाईंच्या खोलीकडे बघितलंस. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तुम्ही नागपूरला गेलात. त्याला साडेसहा वर्षं झाली. मधे तुझे बाबा गेले तेव्हा विमानंच बंद होती, त्याचा दोष कोणालाच नाही.

त्याबद्दल एवढंच म्हणते की आत्याबाई आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. जुन्या माणसांच्या काही गोष्टी असतात. वयाकडे बघून सोडून द्यावं.

तू लिहिलंस की राफाएलरावांच्या घरी नाताळात चोवीस तारखेला त्यांच्या आई कोंबडी भाजायच्या, लसणाच्या आंबट रसाबरोबर वाढायच्या, आणि यंदा ती आठवत तिथं बसायला नको म्हणून ते इकडे यायला तयार झाले. ती कोंबडी मी शिकेन म्हणते. कृती पाठव. विहीणबाई करायच्या तशीच पाठव, आपल्यासाठी सोपी करून नको.

आई

९ नोव्हेंबर २०२५

चि. रुची,

कृती मिळाली. "जमणार आहे का तुला?" असं तू खाली लिहिलंस. कार्तिक संपेपर्यंत थांबले, कारण आत्याबाईंचं पहाटेचं कार्तिकस्नान चालू होतं. पौर्णिमा झाली आणि आज रविवारी पहिली कोंबडी केली.

चिकनच्या दुकानात मी चौसष्ट वर्षांत पहिल्यांदा गेले. आपल्या घरी ते काम नेहमी पुरुषांचं, आणणंही आणि शिजवणंही. रामलाल म्हणून दुकानदार आहे, तुझ्या बाबांना ओळखायचा. मी अख्खी कोंबडी मागितली, चामडीसकट. त्यानं हातातली सुरी खाली ठेवली.

"चमडी का क्या करोगे मॅडम? कुत्ते के लिए चाहिए तो अलग से दे देता हूँ."

मी सांगितलं की अमेरिकेहून जावई येताहेत, त्यांच्याकडे तशीच भाजतात. डोमिनिकन रिपब्लिकचे म्हटलं असतं तर अजून वेळ गेला असता. तरीही रांगेतल्या लोकांनी अमेरिकेत काय काय खातात यावर बरीच चर्चा केली. एकाचं म्हणणं पडलं की तिकडे थंडी फार, चामडीशिवाय भागतच नसेल. रामलालनं पिसं गरम पाण्यात काढून वर जाळ दाखवून दिला, पण पूर्ण वेळ तो माझ्याकडे असा बघत होता, जणू याची जबाबदारी त्याच्यावर नाही.

लसूण तू एक गड्डा लिहिला होतास. आपला लसूण बारीक, म्हणून दोन घेतले. मीठ आणि मिरे घालून खलबत्त्यात ठेचला. विहीणबाई वापरायच्या तसं आंबट संत्रं बाजारात नाही, म्हणून नुकती आलेली हिरवट संत्री आणि लिंबू अर्धं अर्धं केलं. ओरेगानोच्या जाड पानाचा जो फोटो तू पाठवलास, ते पान बघून मला हसू आलं. आपल्या नळाजवळच्या कुंडीत आहे ना पानओवा, खोकला झाला की तुला ज्याचा रस द्यायची, तो आणि हे पान मला तरी सारखंच दिसलं. तेच घातलं. सगळं कोंबडीला आतून बाहेरून चोळून, चामडीच्या खालीही बोट घालून, रात्रभर मुरत ठेवलं.

ओव्हन तोच, गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काच असलेला. त्यात तुझ्या अकरा वाढदिवसांचे केक झाले. तू काचेला नाक लावून बसायचीस आणि नाकावर लाल गोल उमटायचा. वायर बदलून घेतली. कोंबडी कशीबशी बसली, पाय मुडपून.

निकाल सांगते. मी गावरान कोंबडी घेतली होती, चांगली म्हणून. दीड तास भाजूनही ती चिवटच राहिली. आणि त्या आंबट रसात तू अर्धी वाटी उकळतं पाणी लिहिलं होतंस. मला वाटलं तुझ्याकडून चुकून लिहिलं गेलं. लसणाच्या चटणीत पाणी कोण घालतं? मी घातलं नाही. लसूण, सांबाराची हिरवी पानं, लिंबू, व्हिनेगर, तेल, सगळं घट्ट वाटलं. कडू जहर झालं.

त्या रसाचं नाव वासाकाका आहे हे मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "हा कोणाचा काका व्हय?" मी म्हटलं, जावयांकडचा. त्यावर त्या म्हणाल्या की मग मान द्यावा लागन.

चव बायजाबाईनं सांगितली. ती भांड्यांना आली होती. "बाई, हे कोंबडी नाही, चप्पल व्हय," म्हणाली, आणि तरी अर्धी बांधून घेऊन गेली. मी खात नाही हे तुला माहीतच आहे.

आई

१६ नोव्हेंबर २०२५

चि. रुची,

तुझा निरोप एका ओळीचा होता. "कुठं केलीस? बाहेरच ना?"

हो, मागच्या पडवीत. ओव्हनची वायर खिडकीतून बाहेर ओढली आणि स्टूलवर ठेवून केली. तू विचारशील असं वाटलंच होतं.

रुची, तू समजून घे. आत्याबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. आतल्या ओट्यावर त्यांचा वरणभात शिजतो. कोंबडं बाहेर शिजायचं ही या घरची रीत माझ्या आधीपासूनची. तुझे बाबा, त्यांचे चुलतभाऊ, सगळे मागच्या अंगणात चूल मांडायचे, भांडी वेगळी असायची, आणि बायका खिडकीतून मसाला द्यायच्या. राफाएलरावांनीही मागच्या वेळी तिथंच केली होती आणि त्यांना ती जागा आवडली होती. धूर डोळ्यांत गेला तरी गाणी म्हणत होते.

ठिपक्यांचं वेगळं होतं, हे मलाही कळतं. मलाही ते आवडलं नव्हतं. पण मी या घरात सून म्हणून आले, आणि आत्याबाई माझ्या आधीपासून इथं आहेत. त्यांच्यासमोर मी कधी तोंड उघडलं नाही. त्या वेळीही उघडता आलं नाही. तुला मी बाजू घेतली नाही असं वाटलं असेल. माझी बाजू कोणी घेतली असती?

असो. या वेळी साधी ब्रॉयलर घेतली. रामलालनं मला बघून स्वतःच विचारलं, "चमडी के साथ?" रसात उकळतं पाणी घातलं. तू बरोबर लिहिलं होतंस. पाणी पडलं की लसणाचा चटका जातो आणि वास तेवढा उरतो. रस पातळ, हिरवा, वरून तेलाचे डोळे. कोंबडीची चामडी तांबूस झाली, एका बाजूला मात्र काळी, कारण दुपारी मधेच लाईट कमीजास्त झाली आणि मी आत फोन घ्यायला गेले होते.

बायजाबाई म्हणाली, आज जेवण व्हय. पण मीठ कमी आहे. पुढच्या वेळी चमचाभर वाढवते.

इकडे कापणी संपत आली. गिरण्या चालू झाल्यापासून दारं लावली तरी कोंडा घरात येतो. दिव्याला खोकला होतो का थंडीत? होत असेल तर औषध बरोबर आण. नाहीतर कुंडी आहेच.

आई

२४ नोव्हेंबर २०२५

चि. रुची,

तुझा एवढा मोठा निरोप इतक्या वर्षांत आला नव्हता. चार वेळा वाचला.

तू हॉटेल रद्द केलंस. इतकी वर्षं तू मला आणि आत्याला एकाच तागडीत तोललंस, ते चुकलं, असं तू लिहिलंस. आई बिचारी काय करणार होती, असंही लिहिलंस. राफाएलरावांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, चला, मग आपण घरीच उतरू. मी हे वाचून बाबांची खोली उघडली आणि सोमवार नसताना झाडली.

तुझी अट एकच आहे. त्या बारा दिवसांत आत्या घरात नसावी. दिव्यानं त्या हातांनी वाढलेलं खाऊ नये, असं तू लिहिलंस. तू आई आहेस, तुझं मी समजू शकते.

व्यवस्था केली आहे. चिचगडला आत्याबाईंच्या दिराचा मुलगा मनिराम असतो. तो बरेच दिवस त्यांना बोलावतोच आहे. मी त्यांना सांगितलं की घराला रंग द्यायचा आहे, वासाचा त्रास होईल, महिनाभर चिचगडला राहून या. त्यांनी फार काही विचारलं नाही. रंग कोणता, एवढं विचारलं. मी पिस्ता म्हटलं. मनिराम सहा तारखेला गाडी घेऊन येईल.

त्या गेल्या की ओव्हन आतल्या ओट्यावर मांडते. तुम्ही याल तेव्हा वास स्वयंपाकघरातूनच येईल, खिडकीबाहेरून नाही. दिव्यासाठी छोटी खुर्ची बघून ठेवली आहे.

काल तिसरी केली. मीठ बरोबर झालं. रस लिंबाचा थोडा जास्त आंबट, पण तो कोंबडीवर ओतला की बरोबर लागतो.

आई

बुधवार, ३ डिसेंबर २०२५

चि. रुची,

हे पत्र आधीच्या पत्रांसारखं नाही. शेवटपर्यंत वाच आणि मगच राफाएलरावांना सांग.

ठिपके मी लावले होते.

तुमच्या येण्याचा तिसरा दिवस होता. तुम्ही दोघं बाबांबरोबर चोरखमाऱ्याचं धरण बघायला गेला होतात. बाबांच्या चुलतभावाची बायको मंदाबाई चहाला आली. मी कप पुढं केला. तिनं तो उचलला, खालून बघितला, आणि म्हणाली, "वहिनी, यातून तो पेते का?" मी नाही म्हटलं. तिनं चहा घेतला. अर्धा पिऊन ती म्हणाली की लोक विचारून राहिले, काळा आहे, काय काय खात असेल, तुम्ही कसं चालवता. ती गेल्यावर तुझ्या कपाटाचा खण उघडला. कॉलेजात असतानाची तुझी नेलपॉलिशची बाटली त्यात होती. वाळत आली होती, दोन थेंब स्पिरिट टाकून पातळ केली. ताट, वाटी, पेला पालथे घातले आणि एकेक ठिपका लावला. पंख्याखाली वाळायला ठेवले. बायजाबाईला सांगितलं की ही भांडी बाहेर घासायची. तिनं का म्हणून विचारलं नाही, आणि मी सांगितलंही नाही.

आत्याबाईंच्या खोलीत आयुष्यात कधी नेलपॉलिश नव्हती. हे एक ना एक दिवस तुझ्या लक्षात येईल, अशी मला साडेसहा वर्षं भीती वाटत होती. तुझ्या लक्षात आलं नाही, कारण तुला ते माझ्याकडून अपेक्षितच नव्हतं.

कोंबडं बाहेर शिजवणं ही घरची रीत. ठिपके ही घरची रीत नव्हती. ती मी त्या दुपारी काढली. या दोन गोष्टी मी मागच्या पत्रांत मुद्दाम एकीत एक मिसळल्या. आत्याबाई त्या दहा दिवसांत काय करत होत्या, ते आठव. संध्याकाळी ओसरीवर राफाएलरावांच्या शेजारी बसून एकाच टोपलीतले मुरमुरे खायच्या. ते त्यांच्याशी इंग्रजीत बोलायचे, या त्यांच्याशी आपल्या बोलीत, आणि दोघांचं चालायचं.

मी मांस खात नाही हेही खरं नाही. नागपूरच्या कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलला मी सहावीत गेले तेव्हा माझ्या आईनं ट्रंकेत नाव कोरलेलं ताट दिलं होतं, कोणाच्या उष्ट्याचं व्हायला नको म्हणून. ते मी पाच वर्षांत एकदाही बाहेर काढलं नाही. ईस्टरच्या दिवशी सिस्टर फ्लोरा मोठ्या ट्रेमध्ये कोंबड्या भाजायच्या, बटाटे घालून. मुली ज्या ताटांत जेवायच्या त्यातच मी जेवायची, आणि मला ते फार आवडायचं. सुट्टीत घरी आले की सांगायची, वेगळं बसते. त्या काळी मला कोणी वेगळं बसवलं असतं तर मी काय केलं असतं, याचा विचार करायला मला सगळा जन्म मिळाला होता. तुझ्या नवऱ्याच्या ताटाला ठिपका लावताना तो विचार आला होता. येऊनही लावला.

गेल्या महिन्यातल्या तिन्ही कोंबड्या मी चाखल्या. पडवीत उभ्यानं, दाराकडे पाठ करून. मीठ कमी आहे हे बायजाबाईनं नाही सांगितलं.

आता हे आत्ताच का लिहिते, ते सांगते. तुझा मोठा निरोप आल्यावर मी लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. हॉटेल रद्द झालं होतं आणि ते पुन्हा ठरायला नको होतं. मी ठरवलं होतं की हे असंच राहू द्यावं. आत्याबाईंना एक महिना चिचगडला काढायला काय होतं, असंही मनाला सांगितलं.

आज दुपारी जेवण झाल्यावर त्यांच्या खोलीत गेले. मनिराम शनिवारी यायचा आहे, आणि यांनी आजच पिशवी भरून खाटेवर ठेवली होती. दोन लुगडी, स्वेटर, औषधाचा डबा. बाजूला बसल्या होत्या. मी म्हटलं, अजून तीन दिवस आहेत. त्या म्हणाल्या, "असू दे. रंगारी कधीही येईन." मग जरा थांबून विचारलं, "पोरीचा माह्यावरचा राग अजून हाये का?"

मी विचारलं, कसला राग. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तुला आठवत असेल त्या कशा बघतात.

"मले काय दिसत नव्हतं का गं, शाम? मी परसात बसलो होतो. तू पंख्याखाली भांडे सुकवून राहिली होतीस."

माझ्या तोंडून फक्त "मग" एवढंच निघालं.

"मंग काय. पोरगी माह्या खोलीकडं पाहत होती. मी म्हटलं, माह्यावर गेलं तं जाऊ दे. मी बुढी, मले किती दिवस काढाचे हायेत. तुह्यावर गेलं असतं तं लेकरू मायपासून तुटलं असतं." पिशवीचे बंद त्यांनी पुन्हा सोडून पुन्हा बांधले. "तुटलंच तसंही. पण मले तवा तसं वाटलं."

मी त्यांना रंगाचं खोटं होतं हे सांगितलं. तू काय अट घातलीस तेही सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, पिस्ता रंग ऐकूनच मले कळलं होतं, या घराले माह्या भावानं, केशोरावानं, जलमात पांढऱ्याशिवाय रंग देल्ला नाही. मी विचारलं की कोंबडी आत केली तर तुम्हाला चालेल का. लग्न होऊन मी या घरात आले त्याला एकोणचाळीस वर्षं झाली आणि हा प्रश्न मी त्यांना आज पहिल्यांदा विचारला.

"माहं वरणभात मी माह्या खोलीत शेगडीवर करतो. तितके दिवस ओटा तुहा." मग म्हणाल्या, "कायले नाही चालन? मले कोणी विचारलंच नाही आजवर."

मी तिथून उठले आणि मनिरामला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. मग हे लिहायला बसले. अजून ऊन आहे, अक्षर नीट दिसतं आहे.

राफाएलरावांना हे तू सांगितलंस तरी मी स्वतः पुन्हा सांगणार आहे. माझं इंग्रजी तेवढं आहे. विहीणबाईंना सांगायला हवं होतं, ते राहिलं. त्यांनी मुलाला ज्या ताटात वाढलं असेल, त्याच्या बुडाशी काही नसणार.

आत्याबाई घरीच राहतील. ही माझी अट नाही, मला अट घालायचा हक्क नाही. फक्त आता त्यांना घराबाहेर पाठवणं माझ्याकडून होणार नाही. तू त्यांच्यावर नाही, माझ्यावर रागावली आहेस, आणि ज्याच्यावर राग आहे त्या माणसाच्या घरी उतरायचं का, हे तुला नव्यानं ठरवावं लागेल. हॉटेलवाल्याशी मी बोलून घेतलं. नाताळात खोल्या भरतात, तरी तो शुक्रवारपर्यंत एक खोली तुमच्या नावानं धरून ठेवतो म्हणाला.

तुम्ही घरी आला नाहीत तरी चालेल, असं लिहिणार होते. दोनदा लिहून खोडलं. चालणार नाही, रुची. पण आता ते तुझ्या हातात आहे, आणि पहिल्यांदाच सगळं माहीत असून तुझ्या हातात आहे.

आई